एंडोमेट्रियल कॅन्सर: खालच्या गाठी स्वच्छ, मग वरची बाधित कशी?

रानजाई

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आई ६४ वर्षांची, साताऱ्याजवळ गावी असते. पाळी जाऊन तेरा वर्षं झाली होती. गेल्या दिवाळीत एकदा अंगावरून थोडं गेलं, तिने कुणाला सांगितलं नाही. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा गेलं, तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर १७ मिलिमीटर जाड निघालं आणि तुकडा तपासणीत कॅन्सर. पुण्यात ऑपरेशन झालं. पिशवी, दोन्ही अंडाशय, नळ्या आणि लिम्फ नोड (लसीकेच्या गाठी) काढले.

काल रिपोर्ट आला. एंडोमेट्रिऑइड प्रकार, ग्रेड ३ (सर्वांत आक्रमक). मूळ गाठ पिशवीच्या वरच्या भागात, फंडसला. स्नायूत निम्म्याहून खोल गेलेली. पेल्विक (ओटीपोटातले) लिम्फ नोड ०/१३, पॅरा-अ‍ॅऑर्टिक (महाधमनीजवळचे) १/६. स्टेज तीन सी दोन.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पण बाहेर रांग होती आणि माझं डोकं ‘तीन’ या आकड्यावरच अडकलं होतं. घरी आल्यावर प्रश्न सुचायला लागले. मला वाटत होतं, कॅन्सर पायरी पायरीने चढतो. आधी जवळच्या गाठी, मग लांबच्या. इथे ओटीपोटातल्या तेराच्या तेरा स्वच्छ आहेत आणि वर महाधमनीजवळची एक बाधित. मधल्या पायऱ्या सोडून तो वर गेला कसा? की खालच्या तपासताना काही नजरेतून सुटलं? भाऊ दुसऱ्या लॅबमध्ये पाठवू म्हणतो.

आणि अजून एक. आई सारखी विचारते, “म्हणजे पोटात अजून गाठी आहेत का?” तिला गाठ म्हटलं की कॅन्सरच वाटतो. लिम्फ नोडला तिच्या भाषेत काय म्हणू?

पाणंद

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तेवढंच मला येतं. आईंना अवधानाची आठवण करून द्या. पायात काटा मोडून पिकला की जांघेत जी दुखरी गाठ सुजते, ती. ती गाठ काट्याने तयार केलेली नसते, आधीपासून तिथेच असते. पायाकडून येणारी घाण अडवायला बसलेली चौकीच म्हणा. अशा चौक्या शरीरभर शेकड्याने असतात, पोटातही. डॉक्टरांनी त्यातल्या एकोणीस काढून तपासल्या, एकीत कॅन्सर सापडला.

आईंना खूप आधार द्या. माझ्या सासूबाईंचं निदानही असंच उशिरा कळलं होतं, आज त्यांना नऊ वर्षं झाली.

रानजाई

पाणंदताई, आत्ताच फोनवर सांगितलं. लगेच समजलं तिला. पुढचा प्रश्न तिनेच टाकला: “मग काटा पायात अन् अवधान बरगडीखाली, असं कसं?” माझा प्रश्न तिने माझ्यापेक्षा चांगला मांडला.

टाका_दोरा

रानजाई, स्त्रियांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया हेच माझं रोजचं काम. तुमच्या आईंचे कागद मी पाहिलेले नाहीत. म्हणून त्यांच्या उपचारांबद्दल बोलत नाही, वाटांबद्दल लिहितो.

पायऱ्यांचं चित्र गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बरंचसं लागू पडतं. तिथे आधी ओटीपोटातल्या गाठी, मग कॉमन इलियॅक, मग महाधमनीजवळच्या, असाच क्रम बहुतेकदा दिसतो. पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरला मात्र बाहेर पडायला एकापेक्षा जास्त वाटा आहेत. पिशवीच्या खालच्या आणि मधल्या भागातली लसीका (लिम्फ, या गाठींमधून वाहणारा द्रव) गर्भाशयाच्या धमनीच्या सोबतीने बाजूला, ओटीपोटातल्या गाठींकडे जाते: ऑब्ट्युरेटर, एक्स्टर्नल इलियॅक, इंटर्नल इलियॅक. हा हमरस्ता. फंडसमधून दुसरी वाट निघते. ती अंडाशयाच्या रक्तवाहिन्यांबरोबर सरळ वर चढते आणि महाधमनीच्या आजूबाजूला, पार मूत्रपिंडाच्या शिरांपर्यंत पोचते. राउंड लिगामेंटमधून जांघेकडे जाणारी तिसरीही एक आहे, पण ती पाऊलवाट. तिकडे क्वचितच कुणी जातं.

दुसरी वाट इतकी वर का जाते, हे आईंना सांगण्यासारखं आहे. बाळ पोटात असताना अंडाशय ओटीपोटात तयारच होत नाही. ते पाठीच्या भिंतीवर, मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि मग खाली सरकतं. खाली नांदायला आलं तरी त्याच्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या माहेरच्याच राहतात. म्हणून अंडाशयाची डावी शीर आजही डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जाऊन मिळते. फंडसची लसीका याच माहेरच्या वाटेला लागते. काटा फंडसला रुतला असेल तर अवधान बरगडीखाली येऊ शकतं, ते असं.

हे नेहमी घडतं का? नाही. अमेरिकेच्या गायनेकॉलॉजिक ऑन्कॉलॉजी ग्रुपने १९८७ साली ६२१ बायकांचा अभ्यास छापला. वरवर पाहता सगळ्यांचा आजार पिशवीपुरताच वाटत होता. गाठी काढून तपासल्यावर सुमारे ९ टक्के जणींच्या पेल्विक गाठी बाधित निघाल्या आणि ६ टक्के जणींच्या महाधमनीजवळच्या. पेल्विक स्वच्छ आणि फक्त वरच्या बाधित, अशा होत्या १२ जणी, म्हणजे २ टक्के. तुमच्या आई त्या थोड्या जणींमध्ये आहेत.

त्याच अभ्यासाचा दुसरा धडा खोलीचा. आजार अस्तरापुरता असेल तर पेल्विक गाठी बाधित निघण्याची शक्यता १ टक्का. स्नायूच्या बाहेरच्या तिसऱ्या थरापर्यंत गेला की २५ टक्के पेल्विक आणि १७ टक्के वरच्या. ग्रेड १ मध्ये ३ टक्के, ग्रेड ३ मध्ये १८. आईंच्या बाबतीत ग्रेड ३ आणि खोलवर, दोन्ही होतं. म्हणून सर्जनने वरपर्यंत जाऊन पाहिलं, आणि बरं झालं पाहिलं. नसतं पाहिलं तर तुमच्या हातात आज ‘सगळ्या गाठी स्वच्छ’ असा रिपोर्ट असता आणि तो चुकीचा असता.

सुगरणीचा_खोपा

माहेरची वाट! दोन मुलं झाली, पन्नाशी आली, पण हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वाचते आहे.

एक प्रश्न. माझी पॅप स्मिअर दोन वर्षांपूर्वी नॉर्मल होती. मग मला याची काळजी नको ना?

टाका_दोरा

सुगरणीचा_खोपा, पॅप स्मिअर गर्भाशयमुखासाठी असते, पिशवीच्या अस्तरासाठी नाही. आपल्याकडे दोन्हीला सरसकट ‘गर्भाशयाचा कॅन्सर’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. अस्तराच्या कॅन्सरचं मुख्य लक्षण एकच: पाळी गेल्यावर अंगावरून जाणं, मग ते एक थेंब का असेना. कॅन्सर झालेल्या दहापैकी नऊ जणींना हे लक्षण आधी दिसतं. उलट बाजूने पाहिलं तर असं रक्त दिसणाऱ्या दहा जणींपैकी साधारण एकीलाच कॅन्सर निघतो. घाबरायचं नाही, पण आठवड्याच्या आत दाखवायचं. वजन जास्त, मधुमेह, मूल न झालेलं, पाळी वर्षानुवर्षं अनियमित, स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू, यातलं काही असेल तर जास्तच.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट. भावाची शंका रास्त आहे. ‘०/१३’ कसं तयार होतं ते सांगते.

सर्जनकडून येते ती पिवळ्या चरबीची लगदी, फॉर्मालिनमध्ये. त्यात गाठी वेगळ्या दिसत नाहीत. चरबी बोटांच्या चिमटीत दाबत जायचं, घट्ट लागेल तिथे थांबायचं. कधी चवळीएवढी सापडते, कधी साबुदाण्याएवढी. मोठी असेल तर दोन-दोन मिलिमीटरचे काप करायचे, मेणात बसवायचं, आणि त्या ठोकळ्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचा एक पापुद्रा काढून काचपट्टीवर घ्यायचा. मी पाहते तो हा पापुद्रा. दोन मिलिमीटरमध्ये असे पाचशे पापुद्रे बसतील. त्यातल्या एकात कॅन्सर नाही म्हणजे गाठ ‘निगेटिव्ह’. नेहमीची पद्धत हीच आहे, यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. पण अर्ध्या मिलिमीटरचं बेट मधल्या पापुद्र्यांत लपू शकतं, हेही खरं.

म्हणून सेंटिनेल गाठींसाठी, म्हणजे लसीका सर्वांत आधी पोचते त्या पहारेकरी गाठींसाठी, अल्ट्रास्टेजिंग करतात. एकाच ठोकळ्याचे वेगवेगळ्या पातळीवर अनेक काप घ्यायचे आणि सायटोकेरॅटिनचं रंजन करायचं. कॅन्सरच्या पेशी तपकिरी उठून दिसतात. २ मिलिमीटरहून मोठं ते मॅक्रोमेटास्टॅसिस. ०.२ ते २ पर्यंत मायक्रो. त्याहून लहान म्हणजे सुट्या पेशी, त्यांच्यामुळे स्टेज वाढत नाही.

ज्या जणींमध्ये ‘फक्त वरची बाधित’ असं दिसतं, त्यांच्या खालच्या गाठी पुन्हा बारकाईने कापल्यावर कित्येकदा तिथेही सूक्ष्म बेटं सापडली आहेत. म्हणजे उडीसारखं दिसतं, पण खाली पाऊल पडलेलं असू शकतं.

रानजाई, डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. सेंटिनेल गाठी वेगळ्या करून पाठवल्या होत्या का, आणि त्यांचं अल्ट्रास्टेजिंग झालं का. नसेल तर ठोकळे लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात, ते कॅन्सरच्या पॅथॉलॉजीत मुरलेल्या माणसाकडून पुन्हा पाहून घेता येतात. पी५३ आणि एमएमआर ही (कॅन्सरच्या पेशींतली प्रथिनं दाखवणारी) रंजनंही झाली नसतील तर तेव्हाच करून घ्या, उपचार ठरवताना ती लागतात.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये कॅन्सर नर्स आहे. चर्चा छान चालली आहे, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. गाठी काढल्या ‘म्हणून’ बाई वाचते, असा अर्थ कुणी घेऊ नये. आमच्याकडच्या अ‍ॅस्टेक चाचणीत १४०८ बायका होत्या, २००९ मध्ये निकाल आले. पेल्विक गाठी सरसकट काढून आयुष्य वाढलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी इटलीतल्या ५१४ बायकांच्या चाचणीतही तेच दिसलं. पाय सुजण्याचा त्रास मात्र वाढला. मी रोज असे पाय बघते. सर्जन मंडळी गाठींच्या आकड्यावर फार खूश होतात आणि त्याची किंमत बाई पुढे वीस वर्षं मोजते.

उत्तरवाट

थेम्सकाठ, असहमत. अ‍ॅस्टेकमध्ये महाधमनीजवळच्या गाठी काढायचं बंधनच नव्हतं आणि कमी धोक्याच्या बायका पुष्कळ होत्या. ज्यांच्या गाठींत आजार असण्याचा संभवच कमी, त्यांच्या काढून फायदा कुठून दिसणार? जपानमधला सेपल अभ्यास पाहा, २०१०, ६७१ बायका. मध्यम आणि जास्त धोक्याच्या गटात पेल्विकबरोबर वरच्याही गाठी काढल्या तेव्हा जगण्याचं प्रमाण सुधारलं. कमी धोक्याच्या गटात फरक नाही. मी डॉक्टर नाही, बायकोच्या आजारात हे सगळं वाचत गेलो. वरची वाट वगळून केलेल्या चाचणीवरून ‘गाठी काढण्यात अर्थ नाही’ म्हणणं पटत नाही.

थेम्सकाठ

उत्तरवाट, तुमच्या आक्षेपात तथ्य आहे. पण सेपल हा मागे वळून केलेला अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही. शिवाय वरच्या गाठी काढलेल्या गटात केमोही जास्त जणींना मिळाली होती. फायदा सुरीचा की केमोचा, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. माझं म्हणणं इतकंच की गाठी काढतात ते मुख्यतः आजार कुठवर गेला हे कळावं म्हणून, म्हणजे पुढचं औषध नेमकं देता येतं.

टाका_दोरा

तुम्ही दोघं एकाच भांडणाची दोन टोकं धरून आहात, आणि ते भांडण आमच्या परिषदांमध्येही मिटलेलं नाही. त्यातून मधली वाट निघाली ती सेंटिनेलची, पहारेकरी गाठीची. गर्भाशयमुखात इंडोसायनिन ग्रीन हा रंग टोचायचा. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात हिरव्या रेषा उमटतात. पोटाच्या पडद्याखालून रेघ सरकत जाते आणि एका गाठीत जाऊन थबकते. ऑपरेशन थिएटरमधले दिवे मंद केलेले असतात, आणि पहिल्यांदा पाहणारे विद्यार्थी त्या क्षणी हमखास पुढे वाकतात. तेवढी गाठ काढायची. २०१७ च्या फायर्स अभ्यासात, जिथे सेंटिनेल सापडली तिथे तिने गाठीतला आजार ९७ टक्के वेळा पकडला. पण दोन्ही बाजूंना सेंटिनेल सापडल्या त्या जेमतेम निम्म्या जणींत. ज्या बाजूला रंग उमटत नाही, त्या बाजूच्या गाठी पूर्ण काढाव्या लागतात. दिसली नाही म्हणून सोडून दिली, असं चालत नाही.

मर्यादा रानजाईच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. रंग मुखात टोचतो म्हणून तो हमरस्ता धरतो. फंडसची माहेरची वाट त्यातून फारशी उजळत नाही. म्हणून जास्त धोक्याच्या कॅन्सरमध्ये वर पाहायचं की नाही, यावर अजून मतभेद आहेत. माझं मत: ग्रेड ३, खोलवर गेलेला आजार, किंवा खालची सेंटिनेल बाधित, यातलं काही असेल तर वर पाहावं. आणि पाहायचंच तर मूत्रपिंडाच्या शिरांपर्यंत जावं. मेयो क्लिनिकच्या २००८ च्या अभ्यासात वरच्या गाठी बाधित असलेल्यांपैकी ७७ टक्के जणींमध्ये आजार इन्फिरियर मेसेंटेरिक (महाधमनीतून आतड्याकडे जाणाऱ्या) धमनीच्याही वर होता. अर्ध्या वाटेवरून परतलं तर तो निसटतो.

माणदेशी

आमचं दुखणं वेगळं आहे, पण या धाग्यात बसेल. मंडळींना पन्नाशीत फार रक्तस्राव व्हायचा. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात फायब्रॉइड म्हणून सांगितलं, पिशवी काढून टाका म्हणाले. काढली. आधी क्युरेटिंग नाही, तुकडा नाही, काही नाही. तीन आठवड्यांनी रिपोर्ट: कॅन्सर, ग्रेड २, निम्म्याहून खोल.

मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते आजही कानात आहे. पिशवी आणि मुख दोन्ही गेल्यावर आता रंग टोचणार कुठे? पहारेकरी दाखवणारी वाटच बुजली. मग स्कॅन, पुन्हा दुर्बिणीचं ऑपरेशन, खालच्या-वरच्या गाठी काढल्या. देवकृपेने स्वच्छ निघाल्या, तीन वेळा आतून लाईट (रेडिएशन) दिली, आता सहा वर्षं झाली. पण एका बाईला दोनदा भूल, दोनदा टाके, दोन महिने झोपेविना. आधी एक तुकडा तपासला असता तर एकाच वेळी सगळं झालं असतं. गावाकडे पिशवी काढायचा सल्ला फार पटकन मिळतो. माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, रक्तस्रावासाठी पिशवी काढायला सांगितली तर आधी विचारा: आतला तुकडा तपासला का?

काचपट्टी

माणदेशी, तुमचं म्हणणं ठळक अक्षरांत लिहून प्रत्येक दवाखान्यात लावावं असं आहे. असे रिपोर्ट मी महिन्याला एखादा तरी लिहिते आणि प्रत्येक वेळी हात जड होतो.

अशा अवचित सापडलेल्या सगळ्यांनाच दुसरं ऑपरेशन लागत नाही, हेही इथे नोंदवते. ग्रेड १ किंवा २, स्नायूत निम्म्यापेक्षा कमी, मूळ गाठ २ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान, हे तिन्ही असेल तर लिम्फ नोडमध्ये आजार असण्याची शक्यता अगदी कमी असते.

सह्यकडा

माझ्या आत्याची गोष्ट. पिशवीचा कॅन्सर, ग्रेड १. सीटी स्कॅनमध्ये महाधमनीजवळ मोठ्या गाठी दिसल्या. घरात रडारड झाली, पसरला म्हणून. ऑपरेशनमध्ये त्या गाठी काढून पाहिल्या तर क्षयरोग! कॅन्सर पिशवीपुरताच होता. टीबीच्या गोळ्या सहा महिने घेतल्या, आज आत्या माझ्याआधी जिना चढते.

टाका_दोरा

आपल्या देशात हे लक्षात ठेवावंच लागतं. आकार दोन्हीकडून फसवतो. सुजलेली गाठ टीबीची किंवा साध्या जंतुसंसर्गाची असू शकते, आणि पाच मिलिमीटरच्या दिसायला साध्या गाठीत कॅन्सर असू शकतो. पेट-सीटीलाही बारीक बेटं दिसत नाहीत. स्कॅनवरून अंदाज बांधायचा, निकाल काचपट्टीवर.

जोडवी

२०१२ मध्ये माझ्या ओटीपोटातल्या सगळ्या गाठी काढल्या, तेव्हा आमच्या इथे हिरवा रंग नव्हता. बावीस गाठी, सगळ्या स्वच्छ. आठ महिन्यांनी एका सकाळी डाव्या पायाचं जोडवं निघेना. मला वाटलं उन्हाळा आहे. बोटात खोल वळ पडला होता. शेवटी सोनाराकडून कापून काढलं. तो पाय आजही उजव्यापेक्षा जाड आहे.

लातूरच्या मे महिन्यात मांडीपर्यंतचे घट्ट मोजे घालणं काय असतं, ते घालणारीलाच माहीत. पण घालते, कारण दोन वेळा नाही घातले आणि डास चावल्याचं निमित्त होऊन पाय लालबुंद झाला, थंडी-ताप, पाच दिवस सलाईन. तेव्हापासून अंगणातसुद्धा अनवाणी जात नाही. नखं जपून कापते. पायाला भेग दिसली की मलम. शेजारणी तेल लावून रगडून मालिश करायला सांगतात, ते अजिबात करू नका. लिम्फ ड्रेनेजचा हात पिसासारखा हलका असतो, फिजिओकडून शिकून घ्या.

रानजाई, आईंच्या दोन्ही पायांची मापं आत्ताच घेऊन ठेवा. घोट्याशी, पोटरीला, मांडीला. वहीत तारीख घालून. मी ते केलं नव्हतं, त्यामुळे सूज कधी सुरू झाली हे कुणालाच सांगता आलं नाही.

वैनगंगा

जोडवीताई, भंडाऱ्याकडे हे आणखी अवघड होतं. इथे पाय सुजला की हत्तीरोगच समजतात. माझ्या काकूंना ऑपरेशननंतर सूज आली तर रात्री रक्त तपासायला नेलं, गोळ्या दिल्या, लोक त्यांच्या शेजारी बसायचं टाळू लागले. हत्तीरोग डासांमुळे होणाऱ्या कृमींचा. काकूंची सूज गाठी काढल्यामुळे वाट अडल्याची. पाय दिसायला सारखाच. वर्षभराने फिजिओने मूळ ऑपरेशनचे कागद मागितले तेव्हा उलगडा झाला. विदर्भातल्या मंडळींनी ऑपरेशनचा कागद प्रत्येक डॉक्टरला दाखवावा, ‘कधीकाळी पोटाच्या गाठी काढल्या’ एवढं तोंडी सांगून भागत नाही.

सुगरणीचा_खोपा

अवांतर, पण जोडवीताईंचं वाचून आत्ताच जोडवी फिरवून पाहिली. जांघेतल्या तिसऱ्या वाटेबद्दल कुणी बोललंच नाही. आणि मानेतही गाठ येते असं ऐकलं?

काचपट्टी

जांघेत क्वचित येते. आली तर ती जवळची धरत नाहीत, २००९ च्या वर्गवारीत तिथला आजार चौथ्या स्टेजमध्ये मोडतो. मानेची म्हणजे डाव्या हसळीच्या वरची, फिरकोची गाठ. पोटातली लसीका छातीतल्या मोठ्या नळीतून वर जाऊन तिथेच डावीकडे शिरेत उतरते, म्हणून पोटातला आजार कधी तिथे उमटतो. महाधमनीजवळच्या गाठी बाधित असतील तर डॉक्टर मानेला हात लावून पाहतात ते यासाठी. रानजाई, आईंच्या तपासणीत कुणी हसळीवर बोटं फिरवली तर घाबरू नका.

रानजाई

साडेतीन आठवड्यांनी येते आहे. सगळ्यांना उत्तरं द्यायची होती, पण धावपळ होती.

काचपट्टीताईंनी सांगितलेले दोन्ही प्रश्न कागदावर लिहून नेले. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं, उलट त्यांनी कागद हातात घेतला आणि एकेका प्रश्नापुढे स्वतः लिहिलं. सेंटिनेल उजवीकडे सापडली होती, तिचं अल्ट्रास्टेजिंग झालेलं होतं, स्वच्छ. डावीकडे रंग उमटला नव्हता, म्हणून त्या बाजूच्या गाठी पूर्ण काढल्या होत्या, पण त्या नेहमीच्या पद्धतीने तपासल्या होत्या. ठोकळे मुंबईला पुन्हा पाहायला पाठवले. डाव्या ऑब्ट्युरेटर गाठीत ०.६ मिलिमीटरचं बेट सापडलं.

म्हणजे तेरापैकी एक. पाऊल खालीही पडलं होतं.

भावाला आधी राग आला, पहिल्या लॅबवर. त्याला काचपट्टीताईंचा पाचशे पापुद्र्यांचा परिच्छेद वाचून दाखवला, मग शांत झाला. स्टेज बदलली नाही, तीन सी दोनच, कारण वरची बाधित आहेच. पी५३ अ‍ॅबनॉर्मल आलं, एमएमआर शाबूत. ट्यूमर बोर्डाने (तज्ज्ञ डॉक्टरांच्या गटाने) केमो आणि लाईट दोन्ही ठरवलं आहे. पी५३ असं असेल तर केमोचा फायदा ठळक दिसतो, पोर्टेक-३ नावाच्या चाचणीत ते दिसलं आहे, असं त्यांनी सांगितलं. लाईटचा पट्टा नेहमीपेक्षा लांब ठेवणार आहेत, ओटीपोटापासून मूत्रपिंडांपर्यंत. माहेरची वाट पूर्ण धरून.

थेम्सकाठ आणि उत्तरवाट, तुमचा वाद मी तीनदा वाचला. आईच्या बाबतीत मला वाटतं, गाठी काढल्या नसत्या तर हे उपचार ठरलेच नसते.

थेम्सकाठ

अगदी बरोबर. मी हेच म्हणत होते. आईंना खूप शुभेच्छा. लाईटच्या काळात जुलाब होऊ शकतात, पट्टा लांब आहे म्हणून जास्त. ताकाचं मानवतं का ते आधीच पाहून ठेवा आणि पहिल्याच दिवशी डाएटिशियनशी बोला.

जोडवी

पायांची मापं घेतली का?

रानजाई

घेतली. वहिनीने वही केली आहे, आई दर रविवारी पाय पुढे करून बसते.

काल लाईटच्या आखणीसाठी नेलं होतं. पोटावर सुईने तीन बारीक निळे ठिपके टोचले, रोज मशीन त्याच जागी लागावं म्हणून. तंत्रज्ञ मुलगी हळू आवाजात सांगत होती, आजी, हे ठिपके आता पुसले जाणार नाहीत बरं का. आईने साडीचा पदर सारून डावा हात पुढे केला. मनगटावर तुळशीवृंदावनाचं गोंदण आहे, सहा वर्षांची असताना जत्रेत गोंदवलेलं. म्हणाली, “हे बघ, अठ्ठावन्न वर्षं झाली. तुझं त्यापेक्षा कमी दुखलं.”

पहिली केमो सोमवारी आहे. दिवसभर बसायचं असतं तर सोबत डबा काय न्यावा, कुणी सांगेल का? तिखट आणि तळलेलं नको म्हणाले आहेत.

पाणंद

मऊ मुगाची खिचडी, वर साजूक तूप. आणि आल्याच्या वड्या छोट्या डबीत, मळमळलं की चघळायला. सासूबाईंना त्याच चालायच्या. पाण्याची बाटली घरची न्या, तिथलं पाणी फार गार असतं.